लेबर रूमचं दार उघडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात हारतुरे झाले, पण मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, चारचौघांनी वाचावं असं.

आमच्या बीएस्सी नर्सिंगच्या वर्गात मुलं मोजकीच. "पोरगं नर्स होणार म्हणजे काय?" असं पाहुणे विचारायचे आणि वडील गप्प बसायचे. पालकसभेत तुम्ही त्यांना रमाबाई रानड्यांबद्दल सांगितलंत. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायका, त्यात विधवाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचं सगळं करायचं, म्हणून घरंदाज माणसं नाकं मुरडायची. "तेव्हा बाईनं शिकू नये म्हणायचे, आता पुरुषानं शिकू नये म्हणतात," तुम्ही म्हणालात. वडिलांनी हे वाक्य पुढे किती पाहुण्यांना ऐकवलं असेल!

पण खरा प्रश्न लेबर रूमचा. बाळंतपणाचा विषय अभ्यासक्रमात मुलांनाही आहेच, तरी काही ठिकाणी त्यांना बाहेर रजिस्टर भरायला बसवतात. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. आधी स्वतः त्या बाईपाशी जायचात, तिला विचारायचात. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. हो म्हणाली तर शेवटपर्यंत शेजारी उभ्या राहायचात. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा तक्ता, कसा भरायचा, पोटावर हात ठेवून कळा कशा मोजायच्या, वार पडल्यावर गर्भाशय घट्ट झालंय का हे कसं चाचपायचं आणि बाईच्या अंगावरची चादर कुठवर सरकवायची, हे सगळं तुम्ही सारख्याच गांभीर्यानं शिकवलंत. माझ्या लेखी चादरीचा धडा सगळ्यात मोठा.

2019 साली एम्सच्या नर्सिंग भरतीत 80 टक्के जागा महिलांसाठी ठेवायचं ठरलं. नोकरीत बायकांना झुकतं माप असावं, मला मान्य आहे. हा पेशा त्यांनीच टोमणे सोसून उभा केला. पण शिकवताना कुणाला अर्धवट ठेवू नये.

कारण नोकरीला लागल्यावर, ग्रामीण रुग्णालयात एका रात्रपाळीला, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला. ड्युटीवर नर्स म्हणून मी एकटाच. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेलं ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून धरणारं औषध, दिलं आणि डॉक्टर पोचेपर्यंत गर्भाशय चोळत राहिलो. हात थांबले नाहीत, कारण ते काम याच हातांनी आधी केलेलं होतं, तुमच्या नजरेखाली. बाई वाचली.

तिच्या आणि माझ्या वतीनं मनापासून आभार, मॅडम.

तुमचा विद्यार्थी