बोट अर्ध्या वाटेतून परतली होती

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात गिरणा नदीतल्या वाळूउपशाची बातमी वाचली म्हणून लिहितोय. आमचं गाव गिरणाकाठी. मागच्या महिन्यात आम्ही आठ-दहा जण रात्री नदीत जाऊन डंपरसमोर उभे राहिलो, बाचाबाची झाली आणि शेवटी आम्हालाच मागे फिरावं लागलं. सकाळी पारावर एकच बोलणं, "चार पोरेसघाई काय व्हई भो?" म्हणजे चार पोरांनी काय होणार.

तेव्हापासून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेची सुरुवात डोक्यात घोळतेय. आज पन्नासच्या वर देशांत त्यांचं काम चालतं, पण सुरुवातीला कॅनडातल्या व्हँकुव्हरला एकमेकांच्या घरी जमणारी मोजकीच माणसं होती ती. अमेरिका अलास्काच्या अम्चिट्का बेटाखाली अणुस्फोट करणार होती. १९६४ साली त्याच भागात भूकंप होऊन त्सुनामी आली होती, त्या धास्तीने यांनी समितीचं नावच 'लाट उठवू नका' असं ठेवलेलं. मेरी बोहलेन म्हणून एक बाई होत्या त्यात, त्या म्हणाल्या की बोट घेऊन तिथेच जाऊ ना. पैसे कुठे होते, मग पंचवीस-पंचवीस सेंटला बिल्ले विकले, १९७० च्या ऑक्टोबरमध्ये गाण्याचा कार्यक्रम ठेवला, जोनी मिचेल, जेम्स टेलर येऊन गायले, तेव्हा कुठे मासेमारीची एक जुनी बोट भाड्याने मिळाली. १५ सप्टेंबर १९७१ ला बारा जण निघाले. आणि पोचलेच नाहीत! वाटेत अमेरिकेच्या कोस्ट गार्डने अडवलं, परत यावं लागलं, ६ नोव्हेंबरला स्फोटही झाला. पण तोवर बातमी सगळीकडे गेली होती, लोक रस्त्यावर उतरले होते, पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या बेटावरच्या चाचण्या बंद केल्याचं जाहीर केलं.

पुढे १९७५ पासून हेच लोक छोट्या रबरी बोटी घेऊन देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या आडवे गेले. १९८५ मध्ये ऑकलंड बंदरात त्यांचं रेनबो वॉरियर जहाज फ्रान्सच्या हेरांनी बॉम्ब लावून बुडवलं, फर्नांडो परेरा हा फोटोग्राफर त्यात गेला. तरी काम थांबलं नाही. आणि मला सगळ्यात पटतं ते हे की सरकारचा किंवा कंपनीचा पैसा ते घेत नाहीत. आमच्या मंडळाला यंदा एका वाळूवाल्याने गणपतीची वर्गणी देऊ केली तेव्हा खूप वाद झाला, पण आम्ही नाही घेतली.

साहेब, लहानपणी आम्ही नदीत हाताने वाळू उकरायचो, कोपरभर खड्डा झाला की गार पाणी पाझरायचं, आई त्याच झिऱ्यातून वाटीने हंडा भरायची. आता तिथे उकरलं तर खाली चिकट काळी माती लागते. वाळू पाणी धरून ठेवते, तेच हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं, ती गेली की केळीला पाणी कुठून आणायचं?

वाळूचा लिलाव कोणत्या गटाचा, किती ब्रासचा आणि कधीपर्यंत, एवढं तरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. आम्ही विचारायला गेलो तर संबंधित ऑफिसात उद्या या, परवा या चाललंय.

रविवारी रात्री आम्ही पुन्हा नदीत जाणार आहोत. घरटी दहा रुपये वर्गणी काढलीय, त्यात दोन मोठे टॉर्च घेतले आणि एक रजिस्टर, गाड्यांचे नंबर आणि टाइम लिहायला. तुमचा बातमीदार आला तर बरं होईल.

एक वाचक, गिरणाकाठ, जि. जळगाव