अर्ज थोडे कर, पण वाचून कर

स्टुटगार्ट, जर्मनी

चि. बाळास, ताईचे अनेक आशीर्वाद.

आई फोनवर सांगत होती, रात्री जेवण झालं की तू रेंजसाठी माळवदावर जाऊन बसतोस, दोन महिन्यांत दीडशेवर अर्ज केलेस आणि एकाचंही उत्तर नाही. ऐकून जीव कालवला. तुझा बायोडाटा काल कामावरून आल्यावर दोनदा वाचला. बाळा, खोट तुझ्यात नाही, पाठवायच्या पद्धतीत आहे.

'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' असं तू वरच लिहिलंयस. खरं आहे ते, पण सगळेच तसं लिहितात. भरती करणारा माणूस नोकरी डॉट कॉमवर शोधतो ते कामाचे शब्द टाकून: सीएनसी टर्निंग, मायक्रोमीटर, ड्रॉइंग रीडिंग. हे तुला येतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी वर्कशॉपमध्ये शाफ्ट टर्न करून, व्हर्निअर लावून मला व्हिडिओ कॉलवर दाखवला होतास. त्याची एक ओळसुद्धा बायोडाट्यात नाही! तीच सगळ्यात वर घे. मशिन कोणतं, काय बनवलं, माप किती अचूक आलं. जाहिरातीत जो शब्द असेल तोच वापर. मात्र जे येत नाही ते लिहू नकोस, मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

दिसेल त्या जाहिरातीवर बटण दाबणं आता बंद कर. गूगल मॅप्सवर संभाजीनगरची वाळूज एमआयडीसी उघड आणि 'मशिनिंग', 'ऑटो कंपोनंट' असं शोध. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी किती युनिट्स दिसतील बघ. त्यातली बरीचशी कुठं जाहिरातच देत नाहीत, ओळखीतून माणूस घेतात. रोज दोघांची वेबसाइट वाच, काय बनवतात ते समजून घे आणि सकाळी फोन लाव. मग शेंद्रा बघ, चिकलठाणा बघ. आणि केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदव. डिप्लोमावाल्यांना तिथं वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंडसह. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

पैशावरून एक गोष्ट सांगते, तुला आजवर सांगितली नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्याच दिवसांत मला एक ऑफर लेटर आलं. रंगीत लोगो, सही, शिक्का. 'डिपॉझिट ८,५०० रुपये, रुजू झाल्यावर परत.' विहीर कोरडी, रानात काही नाही, तरी आबांनी आडतीवरून उचल आणली आणि मी ती त्याच दुपारी भरली. दुसऱ्या दिवशी फोन बंद. मग ते पत्र नीट पाहिलं, तर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि मेल साध्या जीमेलवरून आला होता. पैसे भरायच्या आधी मी एवढंही पाहिलं नव्हतं. आबा एक शब्द बोलले नाहीत, ते मला अजून टोचतं. नोकरी देणारा पैसे मागत नाही. कुणी मागितलेच, तर फोन ठेव. आणि चुकून गेलेच, तर लाजून गप्प बसू नकोस, तडक १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. जितका लवकर करशील, तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

आई म्हणाली, दुबईला पाठवतो म्हणून एक एजंट १ लाख ४० हजार मागतोय. त्याला रुपयाही देऊ नकोस. आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याच्या संस्थेची नोंदणी आहे का बघ. नोंदणीकृत एजंटलासुद्धा सेवाशुल्क ३० हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो' म्हणाला, तर त्याच्याशी बोलणंच थांबव. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे, आणि सापडतो तो काम करणारा. एजंट इथं घरी बसून असतो.

बाहेर यायचंच असेल तर ये, मी आडवी येणार नाही. पण आधी दोन वर्षं हाताला काम लागू दे. इथं पहिला प्रश्न अनुभवाचाच विचारतात.

रविवारी तुझ्या दुपारी फोन करते, तोवर बायोडाटा नव्यानं लिहून ठेव. एकेक ओळ मिळून बघू. आबांना म्हणावं, सोयाबीनची पट्टी आली की मला फोटो पाठवा. आणि रात्री माळवदावर जाताना बॅटरी घेऊन जा, विंचूकाट्याचे दिवस आहेत.

तुझी,
ताई