चित्रावर ऊन पडतंय : कला संग्रहालयाच्या व्यवस्थापनाला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, प्रेक्षक-सेवा
(कला संग्रहालयाची तिकीटविक्री, देखभाल व प्रेक्षकांच्या सोयी सांभाळणारी कंपनी)

विषय : वरच्या मजल्यावरील जलरंग चित्रावर थेट ऊन पडत असल्याबाबत; तसेच व्हीलचेअर, लिफ्ट आणि बसण्याच्या सोयीबाबत तक्रार

महोदय / महोदया,

यातली एक गोष्ट तातडीची आहे, म्हणून ती आधी लिहिते. वरच्या मजल्यावर कागदावरील चित्रांचं जे दालन आहे, तिथल्या पश्चिमेच्या उंच खिडकीचा पडदा एका बाजूने कड्यांतून निसटला आहे. दुपारी चारच्या सुमाराला त्या फटीतून ऊन आत येतं आणि शेजारच्या भिंतीवरच्या तिसऱ्या चित्रावर पडतं. ते नदीकाठाचं जलरंगातलं चित्र आहे. मी समोर उभी होते तेवढ्यात तो उन्हाचा पट्टा चित्राच्या उजव्या कडेवरून जवळजवळ मध्यापर्यंत सरकला. पंचवीस मिनिटं तरी तो चित्रावर होता. कृपा करून हे पत्र इथेच थांबवा, कुणाला तरी वर पाठवून तो पडदा नीट करून घ्या आणि मग पुढचं वाचा.

मी गेल्या शनिवारी वडिलांना घेऊन आपल्याकडे आले होते. बाबांचं वय 81. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. आता गुडघे साथ देत नाहीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही, पण चित्र मात्र ते अजून आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहतात. हे नदीकाठाचं चित्र बऱ्याच वर्षांनी बाहेर काढलंय असं कळल्यापासून त्यांनी धोशाच लावला होता. कागदावरची चित्रं थोडे महिने दाखवतात आणि मग पुष्कळ काळ अंधारात विश्रांतीला ठेवतात, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे या वेळी राहिलं तर पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही. 81 व्या वर्षी असा हिशोब माणूस बोलून दाखवत नाही, पण मनात करतोच.

म्हणून मी आधी चौकशी केली होती. आपल्या संकेतस्थळावर ‘व्हीलचेअर उपलब्ध, सर्व दालनांत लिफ्टने जाता येते’ असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी दोन दिवस आधी फोन केला. ‘हो, या तुम्ही, काही अडचण नाही,’ असं उत्तर मिळालं.

दारात तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या बाजूला लाकडी फळी टाकून उतार केला आहे. प्रत्येक पायरी साधारण 15 सेंटिमीटर धरली तर चढ 45 सेंटिमीटरचा होतो, आणि फळी जेमतेम दीड मीटर लांब. व्हीलचेअरच्या उताराचं साधारणपणे मानलं जाणारं प्रमाण 1 ला 12 आहे, म्हणजे 1 मीटर चढाला 12 मीटर लांबी. त्या हिशोबाने तिथे 5.4 मीटर लांबीचा उतार हवा. त्या फळीवरून एकट्या माणसाने व्हीलचेअर चढवणं शक्यच नाही आणि उतरवणं तर धोक्याचं. दोन अनोळखी प्रेक्षकांनी हात लावला म्हणून आम्ही आत गेलो. आपल्याकडून मिळालेल्या व्हीलचेअरला डाव्या बाजूची पाय ठेवायची पट्टी नव्हती. बाबा पूर्ण वेळ एक पाय उचलून धरून बसले होते. गुडघा दुखणाऱ्या माणसाला पाय अधांतरी धरून बसायला लावणं म्हणजे काय, हे आपण स्वतः पाच मिनिटं बसून पाहावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

लिफ्टपाशी पोचलो तर दाराला कुलूप. किल्ली पर्यवेक्षकांकडे, आणि पर्यवेक्षक जेवायला गेलेले. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. ते आल्यावर कळलं की लिफ्टमध्ये पॅकिंगचे खोके भरून ठेवलेत, ते हलवायला माणसं सोमवारी येणार. ‘मग फोनवर या म्हणून का सांगितलंत?’ असं मी विचारलं. ‘फोन घेणारे वेगळे असतात,’ एवढंच उत्तर मिळालं. फोनवर कोण बसतं, किल्ली कुणाकडे असते, खोके कुणाचे, ही आपल्या कार्यालयाची आतली वाटणी झाली. प्रेक्षकाच्या दृष्टीने संग्रहालय एकच असतं.

त्या चाळीस मिनिटांत बाबांना त्या मोडक्या व्हीलचेअरमधून उठून जरा नीट बसायचं होतं. तळमजल्याच्या तिन्ही दालनांत मिळून एकही बाक नाही. पूर्वी होते, जमिनीवर त्यांच्या पायांचे डाग अजून दिसतात. चित्रापुढे बाक ही केवळ दमलेल्या माणसाची सोय नाही. मोठं तैलचित्र उभ्याने, मागून येणाऱ्या माणसाला वाट देत देत पाहिलं तर त्यातली गोष्ट तेवढी कळते. रंग कसा चढवलाय, सावलीत कुठला हिरवा मिसळलाय, हे बसल्यावर, डोळा शांत झाल्यावर दिसायला लागतं. बाबा मुलांना सांगायचे, चित्रापुढे आधी बसा, मग बोला. आपण बाक काढून टाकलेत, म्हणजे लोकांनी चालत राहावं असाच त्याचा अर्थ होतो.

त्या वेळी दालनातल्या तरुण सुरक्षारक्षकाने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून बाबांना दिली आणि स्वतः उभा राहिला. ‘काका, बसा निवांत,’ म्हणाला. थोड्या वेळाने पर्यवेक्षकांनी आमच्यासमोरच त्याला झापलं, की खुर्ची जागेवरून हलवायची नाही, नियम माहीत नाही का. मला त्या मुलाचं नाव माहीत नाही आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. पण या पत्रामुळे त्याच्यावर काही कारवाई झाली तर ती माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट असेल. त्या दिवशी प्रेक्षक-सेवा म्हणावी अशी एकच गोष्ट आपल्या इमारतीत घडली, ती त्याने केली.

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात लिहिते. व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या खोलीत फिनेलचे कॅन, मॉप आणि जुनी पत्रकं रचून ठेवली आहेत. दार अर्धंच उघडतं. आम्हाला तिचा उपयोग झाला नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, ‘तू जा वर, बघून ये आणि मला सांग.’ फोटो काढायला मनाई आहे, ती मी पाळली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पेन्सिल चालेल का, असं वरच्या रक्षकांना विचारलं. ते हो म्हणाले. पर्समधल्या एका पाकिटाच्या पाठीवर मी चित्राची मांडणी उतरवली. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात, डावीकडे झाडांचा गर्द पुंजका, जांभळट आकाश, आणि नदीचं पाणी कॅनव्हासभर, म्हणजे कागदभर, पसरलेलं. खाली येऊन बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाकीट डोळ्यांशी धरलं आणि एकच प्रश्न विचारला : ‘पांढरं कुठे सोडलंय?’

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडतात. त्यामुळे चित्रकाराने काय रंगवलं याच्याइतकंच त्याने काय सोडलं हेही महत्त्वाचं. मी ते पाहिलंच नव्हतं. म्हणून मी जिना चढून पुन्हा वर गेले, आणि तेव्हा ते ऊन दिसलं.

पाण्यावर एक बारीकशी तिरकी रेघ कोरी सोडली आहे. ब्रश कोरडा करून ओढल्यासारखी, मध्ये मध्ये तुटलेली. कागदाच्या दाण्यांवर रंग बसलाय आणि खळग्यांत कागद उघडा राहिलाय, म्हणून ती चमकते. बाबांचं उत्तर ते होतं. आणि नेमका त्याच रेघेवर खिडकीतला उन्हाचा पट्टा पडला होता. काचेवर इतकं चकाकत होतं की मला डोक्यावर हात धरून, वाकून ती रेघ शोधावी लागली.

मी लगेच रक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘पडद्याचं कळवलंय मॅडम, अजून कोणी आलं नाही.’ तक्रारवही मागितली तर ती नाही. तळमजल्यावर अभिप्रायाची पेटी आहे, पण तिच्याशेजारी लिहायला कागद नाही. तिकीट खिडकीवर सांगितलं तर ‘ईमेल करा’ म्हणाले. म्हणून हे पत्र.

जलरंगांवर प्रकाशाचा परिणाम होतो हे काही नवीन ज्ञान नाही. 1888 साली रसेल आणि अ‍ॅबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी याच विषयावर प्रयोग करून अहवाल दिला होता. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्राने 1900 साली इंग्रज चित्रकार टर्नरची 38 जलरंग चित्रं स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला मिळाली, तेव्हा त्यात अट होती की ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे त्या महिन्यात उजेड अगदी मंद असतो. ही गोष्ट बाबा वर्गात सांगायचे. आजही ती चित्रं तिथे जानेवारीतच लावतात.

हिशोब साधा आहे. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) एवढाच प्रकाश ठेवतात. तैलचित्रांना 200 च्या आसपास चालतो. आपण त्या दालनात दिवे मंद ठेवले आहेत, म्हणजे हे आपल्या तज्ज्ञांना ठाऊक आहे. रोज आठ तास दालन उघडं धरलं तर 50 लक्सने चित्राला दिवसाला 400 लक्स-तास प्रकाश मिळतो. थेट ऊन खिडकीच्या काचेतून येऊन पुष्कळ कमी झालं असं मानून अगदी 20,000 लक्स धरलं, तरी अर्ध्या तासात 10,000 लक्स-तास होतात. म्हणजे 25 दिवसांचा प्रकाश उन्हाखालच्या भागाने अर्ध्या तासात घेतला. असं किती दुपारी झालंय, ते आपल्यालाच माहीत. त्यात साध्या खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांचाही बराचसा भाग आत येतो.

आणि प्रकाशाने झालेलं नुकसान भरून येत नाही. वाळवी लागली तर थांबवता येते, फाटलेला कागद मागून जपानी कागद लावून सांधता येतो. उडालेला रंग परत आणता येत नाही. कारमाइनसारखे लाल रंग लवकर उडतात. या चित्रातलं जांभळं आकाश जर तशाच लाल आणि निळ्याच्या मिश्रणातून आलेलं असेल, तर लाल आधी जाईल आणि मागे थंड निळसर राखाडी उरेल. पुढच्या वेळी हे चित्र बाहेर काढाल तेव्हा एका बाजूला संध्याकाळ आणि दुसऱ्या बाजूला ढगाळ दुपार दिसेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की चित्रकाराने तसंच रंगवलं होतं. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तो चित्रकार आता येऊन सांगू शकत नाही.

पडद्याला लागणाऱ्या कड्या शिंप्याकडेही मिळतात. त्या येईपर्यंत ते चित्र उतरवून ठेवा. भिंतीवर ‘चित्र तात्पुरतं काढलं आहे’ अशी पाटी दिसली तर माझ्यासारख्या कुठल्याही प्रेक्षकाला ते पटेल. संग्रहालयाच्या अभिरक्षकांपर्यंत ही बातमी आपल्या कंपनीकडून पोचली आहे का, हे मला लेखी कळवा, कारण देखभाल आपली आणि चित्रं त्यांची अशा वाटणीत अशी गोष्ट मधल्यामध्ये राहते.

संकेतस्थळावरचं लिफ्टबद्दलचं वाक्य लिफ्ट चालू होईपर्यंत काढून टाका. खरं लिहिलं असतं तर आम्ही तयारीने आलो असतो किंवा थांबलो असतो. उतार योग्य लांबीचा करून घ्यायला वेळ लागेल हे समजू शकते, पण व्हीलचेअरची पायपट्टी आणि लिफ्टमधले खोके यांना वेळ लागायचं कारण नाही. लिफ्टची किल्ली दालन उघडं असेपर्यंत तिकीट खिडकीवर असावी. बाक परत आणावेत, निदान प्रत्येक दालनात एक. चित्रांशेजारच्या पट्ट्यांवरचं अक्षर इतकं बारीक आहे की मलाही वाकावं लागलं. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून दाराशी चार-पाच प्रती ठेवल्या, तरी बाबांसारख्यांना पुरेल.

तिकिटाचे पैसे मला परत नकोत. हे प्रदर्शन महिनाअखेरीस संपतंय. लिफ्ट रिकामी आणि चालू असेल असा त्याआधीचा एक दिवस मला कळवा, मी बाबांना पुन्हा घेऊन येते. शक्यतो सकाळची वेळ द्या, दुपारी ते दमतात. मी उतरवलेलं पाकीट त्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवलंय आणि त्या कोऱ्या रेघेच्या जागी पेन्सिलने छोटी फुली केली आहे. ती त्यांना स्वतः पाहायची आहे.

पडदा बसवल्याचं मात्र त्याआधीच, आठवडाभराच्या आत कळवा.

सोबत : दोन तिकिटांची पावती, संकेतस्थळावरील सोयींच्या पानाची छापील प्रत.

आपली विश्वासू,
शनिवारच्या दोन तिकिटांची धारक