इंदुरी पोहे घरी का फसतात?

महोदय,

इंदूरला येऊन छप्पन दुकान, सराफा या खाऊगल्ल्या फिरून गेलेले पाहुणे सुटीच्या सकाळी घरी पोहे करतात आणि ‘तशी चव नाही’ म्हणतात. कारण साधे आहे: ते कांदेपोहेच करतात, वर शेव टाकून! इथे कांदा परतत नाहीत, कच्चाच वरून घालतात.

दोन वाट्या जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळू द्यावेत. पाण्यात भिजत ठेवले की गोळा होतो, पातळ पोह्यांचा तर लगदाच. हळद, मीठ, दोन चमचे साखर पोह्यांनाच चोळावी. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, चमचाभर बडीशेप, हिरवी मिरची. बडीशेप काळी पडली तर कडवटपणा जात नाही. पोहे मिसळून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून सात-आठ मिनिटे वाफवावेत. पातेले तसेच मंद आचेवर राहू द्यावे, म्हणजे उशिरा उठणाऱ्यांनाही मऊ पोहे मिळतात. झाकणाचे पाणी मात्र आत गळू देऊ नये.

जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), शेव, लिंबू ताटलीतच. शेव आधी घातली की मऊ पडते. सोबत जिलबी हवीच. त्यावर तडजोड नाही.

– एक वाचक, इंदूर