देवावर भरवसा आणि भिंतीवर पहारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोणी वैर धरले, धमक्या देऊ लागले, चारचौघांत नालस्ती करू लागले, की सोसणाऱ्याला श्रद्धावंत मंडळींकडून एक ठरलेला सल्ला मिळतो : ‘देवावर सोडा, तक्रार करत बसू नका; तक्रार केली तर विश्वास कमी पडला असे होईल.’ बोलणाऱ्याच्या मनात कळकळ असते, हे मान्य. पण बायबलचा हवाला देऊन हे सांगितले जाते, तेव्हा त्याला लेखी विरोध करणे भाग आहे. कारण त्या ग्रंथात नेमके उलटे दिसते.

पर्शियाच्या राजाच्या सेवेतून यरुशलेमला आलेल्या नहेम्या या यहूदी अधिकाऱ्याचेच उदाहरण घ्या. यरुशलेमचा कोट बांधताना सनबल्लट हा विरोधक आणि त्याच्या साथीदारांनी आधी टिंगल केली, मग हल्ल्याचा कट रचला. त्यावर नहेम्याने काय केले, हे नहेम्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातल्या एकाच वाक्यात आले आहे : आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. या दोन गोष्टींमध्ये ‘पण’ नाही, ‘आणि’ आहे. पुढचा तपशील तर बघण्यासारखा आहे. भिंत जिथे बुटकी आणि उघडी होती, तिथे त्याने घराण्यांप्रमाणे हत्यारबंद माणसे उभी केली. त्याची निम्मी माणसे काम करत, निम्मी भाले धरत. कर्णा वाजवणारा सतत त्याच्याजवळ असे, कारण कामकरी दूरदूर विखुरलेले होते. शत्रूंनी ओनोच्या मैदानात ‘भेटायला या’ म्हणून चार वेळा निरोप धाडले. चारही वेळा त्याने नकार कळवला. पाचव्या वेळी उघडे पत्र आले आणि त्यात बंडाचा आरोप होता. त्याने तो एका वाक्यात खोडून काढला आणि काम चालू ठेवले. कोट 52 दिवसांत पुरा झाला.

याच नहेम्याला एकाने सुचवले होते, ‘मारेकरी येणार आहेत, मंदिरात जाऊन दारे लावून बसू.’ सल्ला अगदी धार्मिक होता, पण तो देणारा पैसे घेऊन आलेला होता. नहेम्याने तो ओळखला आणि नाकारला. देवाचे नाव घेऊन दिलेला प्रत्येक सल्ला देवाकडून येतोच असे नाही.

उलट एज्रा या याजकाने बाबेलहून यरुशलेमच्या प्रवासासाठी राजाकडे शिपाई मागितले नाहीत. त्याला त्याची लाज वाटली, कारण देव सांभाळतो असे तो राजाला आधीच सांगून बसला होता. त्याने उपास करून प्रार्थना केली आणि निघाला. नहेम्या मात्र राजाने दिलेले सरदार आणि घोडेस्वार बरोबर घेऊन आला होता. दोघेही विश्वासाचे. म्हणजे संरक्षण मागणे हा अविश्वास नव्हे आणि न मागणे हा सक्तीचा नियम नव्हे. आणि एज्रानेसुद्धा सोबतचे सोने-चांदी मोजून बारा प्रमुख याजकांच्या हवाली केले आणि पोहोचल्यावर पुन्हा तोलून घेतले. शिपाई नसले तरी हिशेब चोख होता.

आता प्रार्थनेविषयी, कारण तिथेच बरीच गफलत होते. यहूदाच्या हिज्कीया राजाकडे अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र आले, तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले आणि त्यातलीच वाक्ये प्रार्थनेत बोलून दाखवली. आजही तसेच करावे. ‘देवा, सांभाळ’ एवढ्यावर न थांबता कोण, काय बोलला, कशाची भीती वाटते, हे नाव घेऊन सांगावे. संताप आला असेल तर तोही तिथेच ओतावा. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, शत्रूंविरुद्धचे अत्यंत कडक शब्द आहेत, पण ते देवाशी बोललेले आहेत. सूड त्याच्यावर सोपवला की तो आपण घ्यायची गरज उरत नाही. सातव्या स्तोत्रात दावीद राजा आणखी एक पायरी घेतो : माझ्याच हातून अन्याय झाला असेल तर मला शिक्षा होवो, असे आधी म्हणतो. ही पायरी गाळली की साधी टीकाही छळ वाटू लागते. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातही बजावले आहे की दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून ओढवून घेतलेले दुःख हे विश्वासासाठी सोसलेले दुःख नव्हे.

91वे स्तोत्र अनेकांना पाठ असते. संकटात ते जरूर म्हणावे, पण ताइतासारखे वापरू नये. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे त्यातलेच वचन सैतानाने येशूपुढे केले आणि मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणाला. देवाची परीक्षा पाहू नये, असे म्हणून येशूने उडी नाकारली. धोका दिसत असताना त्यात जाऊन उभे राहणे ही तीच उडी आहे.

यरुशलेममध्ये कैदेत असलेल्या पौल या प्रेषिताची गोष्ट तर सगळ्यात स्पष्ट. तुला रोममध्ये साक्ष द्यायची आहे, असे आश्वासन त्याला प्रभूकडून रात्री मिळाले. लगेच दुसऱ्या दिवशी चाळीसहून अधिक जणांनी त्याला मारेपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली. भाच्याकडून हे कळताच ‘वचन मिळालेच आहे’ म्हणून पौल गप्प बसला नाही. त्याने भाच्याला रोमी सरदाराकडे पाठवले. त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालेकरी यांच्या बंदोबस्तात त्याला हलवण्यात आले. आजच्या भाषेत : धमकीची तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा, संदेश पुसू नका, विश्वासातल्या दोन माणसांना सांगा आणि जिवाला धोका असेल तर पोलिसांकडे जा. मारहाण घरातच होत असेल तर आधी सुरक्षित जागी पोहोचा, समेटाचे नंतर पाहता येईल.

क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच दारात जायचे, हाही गैरसमजच. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा हाती सापडूनही दावीदाने त्याला दोनदा सोडले. पहिल्या वेळी शौल रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणाला. तरीही दावीद त्याच्याबरोबर परतला नाही, गडावर गेला. सूड नाही, पण अंतर आहे.

एवढे करूनही सुटका होईलच, अशी हमी कोणी देऊ नये. राजाच्या मूर्तीला नमन न केल्याबद्दल आगीच्या भट्टीपुढे उभ्या केलेल्या तिघा यहूद्यांनी राजाला सांगितले की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने तलवारीपासून वाचलेले आहेत आणि तलवारीने मारले गेलेलेही आहेत. मारले गेलेल्यांचा विश्वास कमी होता, असे तिथे म्हटलेले नाही. छळात होरपळलेल्या कुटुंबाला ‘प्रार्थना कमी पडली’ असे सुनावणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. छळ सोसणारा माणूस दाराशी आला तर वचन सांगण्याआधी विचारा : आज रात्री धोका आहे का? झोपायला सुरक्षित जागा आहे का? घरात मुले आहेत का? उत्तरे मिळाल्यावर जे लागेल त्याची सोय करा, ठाण्यात जायचे असेल तर सोबत जा, आणि प्रार्थना त्याच्याबरोबर बसून करा.

आपला,
एक वाचक