‘देशबदलू’ हा शब्द लागला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर जोडीदारासाठी दुसऱ्या देशाकडून उतरणाऱ्या पेअर स्केटर्सना, म्हणजे बर्फावर स्त्री-पुरुष जोडीने स्केटिंग करणाऱ्यांना, ‘देशबदलू’ म्हटलं होतं, जणू ते सोयीसाठीच देश बदलतात. तो शब्द मला फार लागला.

ऐन विशीत मी इंदूरला मिश्र दुहेरी टेबल टेनिस खेळायचे. सर्व्हिसच्या आधी टेबलाखाली बोटांची खूण करायची. अंगठा खाली म्हणजे चेंडू खालून कापणार, करंगळी बाहेर म्हणजे बाजूला वळवणार. ती बघून पुढचा चेंडू कुठे येणार हे माझा जोडीदार हेरून ठेवी. एवढं जमायला आम्हाला तीन वर्षं लागली. मग त्याला रेल्वेत नोकरी लागली, आणि राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वेगळा, म्हणून आमची जोडी फुटली. त्याच्या घरी पगाराची किती निकड होती ते मला ठाऊक होतं, तरी वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. चुकलंच माझं.

आमच्या खेळात जोडीदार चुकला तर एक गुण जातो. पेअर स्केटिंगमध्ये मुलगी जोडीदाराच्या डोक्यावरून हवेत जाते, तीन गिरक्या घेते, आणि खाली येताना कमरेला धरणारे हात जागेवर असावेच लागतात. असे हात आपल्याच देशात मिळतील कशावरून?

अलिओना सावचेन्को मूळची युक्रेनची. जर्मनीकडून रॉबिन शॉलकोव्हीबरोबर तिने पाच विश्वविजेतेपदं जिंकली. पुढचा जोडीदार ब्रुनो मासो फ्रान्सचा. जोडी जमली २०१४ मध्ये, पण फ्रेंच संघटनेने त्याला जर्मनीकडून खेळायला मोकळं करेपर्यंत २०१५ सरत आलं. ऑलिंपिकला ज्या देशाकडून उतरायचं, दोघंही त्याच देशाचे नागरिक असावे लागतात, म्हणून तो जर्मन भाषेची परीक्षा देत राहिला. नागरिकत्व मिळालं २०१७ च्या अखेरीस. प्योंगचांगच्या २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्या दिवशी त्याचीच उडी चुकली आणि जोडी चौथी गेली. दुसऱ्या दिवशी १५९.३१ गुण मिळवून त्यांनी सुवर्ण जिंकलं, तेही अवघ्या ०.४३ ने. ती तेव्हा ३४ वर्षांची होती. हे सोयीचं कुठून झालं? युको कावागुतीने तर रशियाकडून ऑलिंपिक खेळता यावं म्हणून जपानचं नागरिकत्व सोडलं, कारण आपल्यासारखंच जपानही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. व्हँकूव्हरला २०१० मध्ये ती चौथी आली. पदक नाहीच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो स्तानिस्लाव मोरोझोव्ह. सावचेन्कोचा युक्रेनमधला जोडीदार. २००० साली दोघं ज्युनिअर विश्वविजेते होते. ती जोडी फुटल्यावर पुढे त्याने युक्रेनच्याच तात्याना वोलोसोझारबरोबर जोडी बांधली. त्याने खेळ थांबवला, तेव्हा तीही मॅक्सिम त्रान्कोवबरोबर रशियाकडून उतरली. मोरोझोव्ह त्या दोघांचा प्रशिक्षक झाला. आपण इतकी वर्षं हवेतून झेललेली मुलगी दुसऱ्याच्या हातात देऊन तो कठड्याबाहेर उभा राहिला, आणि २०१४ ला सोचीत त्या दोघांनी सुवर्ण जिंकलं. माझ्याच्याने हे झालं नसतं.

तेव्हा विनंती एवढीच, की तो शब्द पुन्हा छापू नका. आणि जोडी फुटल्याची बातमी द्याल तेव्हा मागे राहिलेल्याचंही नाव द्या.

— एक जुनी टेबल टेनिसपटू, लोकमान्य नगर, इंदूर