झाकण उघडू नकोस, आई

ती. आई आणि बाबा यांना सा. नमस्कार,

आई, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "गोडाचं काही केलंच नाही रे बऱ्याच दिवसांत, उभं राहवत नाही आता." आणि लगेच माझ्या सर्दीची चौकशी सुरू केलीस. सर्दी कधीच बरी झाली. ते 'उभं राहवत नाही' मात्र डोक्यातून जाईना. गेल्या खेपेला आलो होतो तेव्हा तू डाव्या हाताने ओट्याची कड घट्ट धरून उजव्या हाताने ढवळत होतीस. मी ते दारातून पाहिलं होतं, आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसलो. तेव्हाच आत येऊन तुझ्या हातातला डाव घ्यायला हवा होता. ते राहून गेलं याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आज तुमच्याकडे एक जड खोकं येईल. बाबा, ते तुम्हीही एकट्याने उचलू नका, आणून देणाऱ्यालाच आत टेबलावर ठेवायला सांगा. त्यात स्लो कुकर आहे. नावात कुकर असला तरी प्रेशर कुकरशी त्याचा काही संबंध नाही. वाफ कोंडत नाही, दाब नाही, ज्योत नाही. बाहेर एक कवच, त्याच्या आत सगळीकडून गुंडाळलेली तापणारी तार, त्यात बसणारं जाड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण, एवढंच. वीज लागते ती साधारण २०० ते ३०० वॅट. पदार्थ हळूहळू तापत जाऊन उकळीच्या जरा अलीकडे येतो आणि तिथेच तासन् तास राहतो. तळाला ज्योत नसल्यामुळे करपण्याची धास्ती फार कमी, आणि ढवळायचं तर नाहीच. मी मुद्दाम वेळ लावता येणारा घेतलाय. वेळ संपली की तो आपोआप 'वॉर्म'वर जातो, म्हणजे नुसतं गरम ठेवतो. बंद करायचं विसरलं तर काय, ही तुझी काळजी मला माहीत आहे.

या भांड्याच्या जन्माची गोष्ट तुला आवडेल. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक संशोधक होता. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना गावची, ज्यू घरातली. तिच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत तिची आई चोलंट नावाच्या पदार्थाचं भांडं भरून तिला गावातल्या बेकरीत पाठवायची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून बेकरीची विझत चाललेली भट्टी रात्रभर ते भांडं शिजवत राहायची. आईकडून हे ऐकून नॅक्सनने विजेवर तसंच काम करणारं भांडं बनवलं. १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली ते मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घराघरांत गेलं. या सगळ्याची सुरुवात त्याच्या आईने सांगितलेल्या आठवणीपासून झाली, हे मला वाचल्यापासून विसरता येत नाही.

आता मुद्द्याचं. त्यात पहिल्यांदा फळांचा कॉब्लर करा असं माझं म्हणणं आहे. हा पदार्थ अमेरिकेतला. खाली फळं आपल्याच रसात शिजतात आणि वर मैद्याचं सैलसर पीठ चमच्याने जागोजागी घातलेलं असतं, त्याचा मऊ केकसारखा थर होतो. लाटायचं नाही, थापायचं नाही, आकार द्यायचा नाही. वरचा थर ओबडधोबडच असायला हवा. बाबा, तुमच्या नव्या कवळीलाही यात त्रास नाही, फळं जिभेने दाबली तरी मोडतात.

मी गेल्या महिन्यात हा तीनदा केला, कारण तुम्हाला सांगण्याआधी मला तो नीट समजून घ्यायचा होता. पहिल्या वेळी सगळं छान जमलं, पण वरचा थर भिजून चिकट झाला. शिजलाय की नाही तेच कळेना. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं, झाकणाचं होतं. फळांतून वाफ उठते, काचेला आतून लागते, तिचं पाणी होतं आणि ते थेंब थेंब पुन्हा पिठावर पडत राहतं. ओव्हनमध्ये ही वाफ निघून जाते, इथे तिला वाट नाही. उपाय सोपा आहे. पीठ घातल्यावर भांड्याच्या तोंडावर एक स्वच्छ, कोरडा सुती पंचा दुहेरी करून ताणून धरायचा आणि वरून झाकण ठेवायचं. पाणी पंचा पितो. त्याची चारही टोकं झाकणावर उलटी घ्यायची आणि मुठीला बांधून टाकायची, खाली तापलेल्या कवचाजवळ लोंबती ठेवायची नाहीत. आणि पंचा मध्ये पिठाला टेकता कामा नये. एवढ्या एका गोष्टीने दुसऱ्या वेळचा कॉब्लर बदलला.

तरी पिठाच्या तळाशी एक कच्चट पट्टा राहिलाच. म्हणून तिसऱ्या वेळी फळं आधी पाऊण तास एकटी शिजू दिली आणि रस चांगला गरम झाल्यावर वर पीठ घातलं. त्यामुळे पिठाला खालूनही लगेच धग मिळाली. आता मी असाच करतो, आणि तुम्हीही असाच करा.

फळांचं म्हणशील तर सफरचंद, पेअर, पीच, आलुबुखार, चेरी, कुठल्याही बेरी, काहीही चालतं. मला स्वतःला सफरचंद आणि पेअर निम्मं निम्मं सगळ्यात आवडलं. सफरचंद फोडीचा आकार धरून राहतं, पेअर विरघळून रस दाट करतो. नुसत्या बेरींचा रंग सुरेख येतो, पण पाणी खूप सुटतं. गोठवलेली फळं आणलीत तर आधी पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी काढून टाका, नाहीतर खाली सूप होईल. फार पिकून मऊ पडलेली फळं नकोत, दोन तासांत त्यांचा नुसता लगदा होतो.

फळं बाबांनी चिरायची. आई, यात तू मध्ये पडायचं नाहीस. बाबा, टेबलाशी बसून निवांत चिरा. फोडी साधारण बोटाच्या पेराएवढ्या, सगळ्या सारख्या. सालं काढलीत तर मऊ लागेल, नाही काढलीत तरी बिघडत नाही. अशा फोडी पाच कप, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम. भांड्याला आतून लोणी चोळून घ्या, त्यात फोडी, पाव कप साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ घालून हाताने कालवा. पाणी अजिबात घालू नका. साखर आणि उष्णता मिळून फळांतलं पाणी बाहेर काढतात, तेवढं पुरतं. सुरुवातीला कोरडं दिसेल, तुझा हात पाण्याच्या भांड्याकडे जाईल, पण थांब. कॉर्नफ्लोअर तेच पाणी दाट करतं. मात्र ते फोडींना आधीच नीट लागलेलं हवं, मागाहून टाकलं तर गुठळ्या होतात.

बटण 'हाय'वर. 'लो'वर करायचा मोह नको. पीठ फार वेळ कोमट वाफेत राहिलं तर ते फुगायच्या ऐवजी बसतं.

पाऊण तास झाल्यावर वरचं पीठ कालवायचं, त्याआधी नाही. एक कप मैदा, दोन मोठे चमचे साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा मीठ. त्यात अर्धा कप दूध आणि पाव कप वितळवलेलं लोणी घालून चमच्याने दहा-बारा वेळा फिरवा आणि सोडून द्या. थोड्या गुठळ्या राहू देत. जास्त घोटलं की मैदा चिवट होतो. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच काम सुरू करते, म्हणून कालवलेलं पीठ तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. आणि आई, कपाटातली ती जुनी डबी वापरण्याआधी तिच्यातली अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघ. फसफसली तर ठीक, नुसती खाली बसली तर टाकून दे आणि नवी आण.

आता झाकण अगदी थोडा वेळ उघडायचं. उचलताना काच आपल्यापासून लांबच्या बाजूने आधी वर करायची, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. पीठ चमच्याने जागोजाग सोडा, मध्ये फटी राहिल्या तरी चालेल. मग पंचा, मग झाकण, आणि वेळ पुन्हा दीड तास लावा. या वेळात उघडून बघायचं नाही. एकदा झाकण काढलं की साठलेली उष्णता निघून जाते आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तुझ्यासाठी हे सगळ्यात अवघड जाणार आहे हे मला ठाऊक आहे. तू आयुष्यभर पदार्थ वासावर, रंगावर, आवाजावर केलेस. इथे वास येईल, तेवढ्यावर विश्वास ठेव.

दीड तासाने पिठाच्या मधोमध, सगळ्यात जाड जागी टूथपिक खुपसून पाहा. कोरडी आली की झालं. ओली आली तर अजून पंधरा-वीस मिनिटं. वरचा रंग फिकाच राहणार, त्याला कच्चं समजू नका. पीठ खरपूस व्हायला १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि या वाफेत ते १०० च्या वर जातच नाही. कडेला भांड्याला लागलेला भाग तेवढा थोडा तांबूस होतो. रंग हवाच असेल तर वरून ब्राऊन शुगर आणि दालचिनी भुरभुरा. बंद केल्यावर झाकण काढून अर्धा तास तसंच राहू द्या. तेवढ्यात रस आळतो. तो रस फार गरम असतो, बाबा, लगेच तोंडात घालू नका.

बाबांच्या साखरेबद्दल खरं ते सांगतो. फळांत घालायची साखर निम्मी केली तरी चव जात नाही, मी करून पाहिलंय. पण मैदा आहे आणि फळांची स्वतःची साखर आहे, ती कुठे जाणार? म्हणून लहान वाटीभरच घ्या, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून ठेवा. उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चांगला राहतो. तो दुसऱ्या डब्यात काढून ठेवा. चिनीमातीचं भांडं गरम असताना फ्रिजमध्ये ठेवायचं नाही की गार पाण्याखाली धरायचं नाही, तडकतं. धुवायला ते जड आहे, भरून तर फारच. त्यामुळे पूर्ण गार झालं की त्यात कोमट पाणी घालून तिथेच भिजत ठेवा आणि कामाला येणाऱ्या बाईंना सांगा.

आणखी एक, विषयाला सोडून आहे पण सांगायलाच हवं. बाबा, तुम्ही यात उद्या राजमा टाकून बघाल. भिजवलेला राजमा आधी वेगळ्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय यात घालू नका. त्यातलं विषारी द्रव्य एवढ्या मंद आचेवर मरत नाही, आणि पोट फार बिघडतं.

शनिवारी दुपारी करा असं वाटतं मला. त्या दिवशी मी घरी असतो. बाबांची फळं चिरून होऊ देत, पाऊण तास होऊ दे, पीठ घालून झाकण लागलं की मला फोन करा. दीड तास काही करायचं नाहीये, आई, उठायचं नाहीये, बघायचं नाहीये. खुर्चीत बसून बोल माझ्याशी. नॅक्सनच्या आईची गोष्ट वाचल्यापासून एक गोष्ट मनात आहे. तुझी आई स्वयंपाकघरात काय करायची, तुला कुठे बसवायची, काय काय हातात द्यायची, हे मी तुला कधीच विचारलेलं नाही. शनिवारी ते सगळं पहिल्यापासून सांग.

तुमचा,
मुलगा